एटीव्हीवर विंच स्वतः बसवायची असेल तर

आमचं शेत सिमरोलच्या पुढे, चोरलच्या वाटेवर आहे. घर इंदुरात, रामबागेत. पण जून ते ऑक्टोबर आठवड्यातले तीन दिवस तरी शेतावरच जातात. माळव्याच्या काळ्या मातीतून पावसात जे चालले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. दोन पाऊस चांगले झाले की ती माती टायरच्या खाचांत भरते, नक्षी दिसेनाशी होते आणि चाक गुळगुळीत गोळ्यासारखं जागच्या जागी फिरत राहतं. चारही चाकांना जोर असलेली एटीव्हीसुद्धा, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी हँडलवाली लहान चारचाकी, नाल्याच्या काठाशी पोटावर बसते. दर वेळी शेजारच्यांच्या ट्रॅक्टरची वाट पाहायची नसेल, तर गाडीवर विंच हवी, म्हणजे बॅटरीवरच्या मोटारने ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारं यंत्र.

आमच्या गाडीला पहिली विंच एका गॅरेजमध्ये बसवून घेतली होती. एटीव्ही रस्त्यावरून चालवत नेता येत नाही, म्हणून टेम्पोत घालून शहरात नेली आणि संध्याकाळी परत आणली. तिसऱ्या ओढीलाच सीटखालून धूर निघाला. बॅटरीची लाल तार फ्रेमच्या धारेवर घासून तिचं आवरण फाटलं होतं. मध्ये फ्यूज नव्हता, ब्रेकर (प्रवाह जास्त झाला की तोडणारा खटका) नव्हता. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सीट उचलून पान्याने टर्मिनल सोडवलं म्हणून गाडी वाचली. त्यांच्या तळहातावर भाजल्याची खूण अजून आहे.

त्यानंतर मी सगळं उतरवलं, पुस्तिका वाचली, दोन दिवस लावून नव्याने बसवलं. चार पावसाळे झाले, ती जोडणी तशीच चालू आहे. विंच घ्यायची म्हटलं की सगळे किती ताकदीची हे विचारतात. तार कुठली वापरायची, ती कुठून न्यायची, हे कोणी विचारत नाही, आणि पुढे त्रास होतो तो तारेचाच. म्हणून इथे तारेबद्दल जास्त लिहिलं आहे.

१. विंच किती ताकदीची घ्यावी

विंचवर पौंडात आकडा असतो: २०००, २५००, ३५००. किलोत सांगायचं तर २००० पौंड म्हणजे ९०७ किलो, २५०० म्हणजे ११३४ आणि ३५०० म्हणजे १५८८ किलो.

साधा नियम असा: गाडी, चालवणारा आणि सामान यांचं एकूण वजन काढा, त्याची दीडपट करा. गाडी ३२० किलो, माणूस ८०, मागे खताच्या गोणीसह सामान ५०, म्हणजे ४५० किलो. दीडपट ६७५. हिशेबाने २००० पौंडांची विंच पुरते. पण काळी माती गाडीला खालून धरून ठेवते, आणि तो जोर वजनाच्या हिशेबात येत नाही. मी २५०० ची घेतली आणि आमच्या जमिनीत तेवढी लागतेच.

आणखी एक. विंचवरचा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. दोर जितका गुंडाळलेला तितका ड्रमचा घेर मोठा आणि ओढ कमी. म्हणून जवळच्या झाडाऐवजी लांबचं झाड निवडून जास्त दोर सोडला, तर तीच विंच जास्त जोराने ओढते. हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं.

मोठी घेतली तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. पण ३५०० ची विंच प्रवाहही जास्त खाते आणि एटीव्हीची बॅटरी लहान असते, साधारण १४ ते २० अँपिअर-अवरची. शिवाय पुढच्या चाकांवर वजन वाढतं. गरजेपेक्षा मोठी घेऊ नका.

२. सामान, हत्यारं, कागद

किटमध्ये बहुधा इतकं येतं: विंच, दोर आणि हूक, फेअरलीड (दोर बाहेर येतो ती पुढची चौकट), कॉन्टॅक्टर (मोटारला वीज देणारा मोठा रिले), हँडलवरचा स्विच, तारा. माउंटिंग प्लेट बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते आणि ती तुमच्या गाडीच्या मॉडेलचीच हवी.

बाहेरून आणायचं सामान:

- १६ चौरस मिमी तांब्याची लवचिक तार, लाल आणि काळी (किटमधली बारीक किंवा आखूड असेल तर)
- त्या मापाची तांब्याची थिंबलं (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या, भोक असलेल्या टोप्या), हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी), काळी नालीदार पाइप, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी), केबल टाय
- १२ व्होल्ट डीसीचा, गाडीसाठीचा ब्रेकर
- ५ अँपिअरचा फ्यूज, होल्डरसकट
- ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट
- पेट्रोलियम जेली

हत्यारांत पाने, सॉकेट सेट, टॉर्क रेंच, वायर स्ट्रिपर, मल्टिमीटर आणि जाड थिंबल दाबायचं क्रिम्पिंग टूल. हे शेवटचं विकत घ्यायची गरज नाही. मी तारा मोजून, कापून दुकानात नेल्या आणि तिथेच थिंबलं दाबून घेतली.

इंदुरात तार, थिंबल, नळी हे सगळं महाराणी रोडला मिळतं. बोल्ट आणि हत्यारांसाठी सियागंज. तार घेताना एक पाहा: टोकाची एक बारीक तार पात्याने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम आहे. दुकानदाराने मला आधी तीच दाखवली, भाव निम्म्याहून कमी होता. विचारल्यावर त्यानेच सांगितलं, "दीदी, पंखे-बत्तीसाठी ठीक आहे, विंचला ही नका नेऊ." वेल्डिंगची केबल तांब्याची असेल तर तीही चालते, छान वळते, फक्त पाइपमध्ये घालून न्या.

कागद तीन सांभाळा: विंचचं बिल आणि वॉरंटी कार्ड, किटमधली जोडणीची आकृती, आणि गाडीची सर्व्हिस मॅन्युअल किंवा निदान तिच्यातली वायरिंगची पानं. आकृतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेतात ती कागदी घडी चिखलात पडली की संपली.

३. प्लेट आणि विंच बसवणं

पहिलं काम बॅटरी सोडवण्याचं. आधी काळी, म्हणजे ऋण बाजू काढा, मग लाल. क्रम उलटा केला आणि लाल टर्मिनलवरचा पाना फ्रेमला टेकला, तर तिथल्या तिथे शॉर्ट होतो. जोडताना उलट: आधी लाल, शेवटी काळी.

पुढचा बंपर उतरवा, प्लेट फ्रेमच्या भोकांवर धरून पाहा. सगळे बोल्ट हाताने दोन-दोन आटे बसले की मगच पाना लावा. एक बोल्ट पूर्ण कसला की बाकीची भोकं जुळत नाहीत आणि मग माणूस भोक मोठं करायच्या मागे लागतो. तसं करू नका.

मॉडेलची प्लेट मिळाली नाही, तर इंदूरच्या लोहामंडीतून ६ मिमीचा लोखंडी पत्रा घेऊन फॅब्रिकेटरकडून करून घेता येते. पण ती बोल्टने बसेल अशी करा. फ्रेमवर वेल्डिंग करू नये असं माझं ठाम मत आहे. फ्रेमची नळी पातळ असते आणि तापून कमजोर होते. दुसरा उपायच नसेल तर वेल्डिंगआधी बॅटरी आणि इंजिनचा कंट्रोल युनिट दोन्ही सोडवा. प्लेटला तळाशी पाणी जायला दोन भोकं ठेवा आणि कापलेल्या कडांना रंग द्या.

विंच प्लेटवर ठेवताना पाहा की क्लचचा, म्हणजे ड्रम मोकळा सोडणारा, खटका हाताला येतो का, आणि रेडिएटरसमोरची हवा अडत नाही ना. मोटारच्या जाड तारा विंच घट्ट करायच्या आधीच तिच्या टर्मिनलना लावून घ्या. नंतर तिथे पाना फिरत नाही. मोटारच्या टर्मिनलचा खालचा नट एका पान्याने धरून वरचा कसायचा. खालचा न धरता जोर लावला तर आतला खांब फिरतो आणि मोटार उघडावी लागते.

बोल्ट किती कसायचे याचा आकडा किटच्या पुस्तिकेत असतो. तो पाळा, अंदाजाने जाऊ नका. पुढे दहा-बारा किलो वजन वाढतं, त्यामुळे पुढचे शॉक ॲब्सॉर्बर एक घर कडक करावे लागतात.

४. फेअरलीड आणि दोर

दोर दोन प्रकारचे: स्टीलचा आणि सिंथेटिक. स्टीलला चार रोलर असलेली फेअरलीड लागते, सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनिअमची चौकट. लहान विंचच्या फेअरलीडच्या दोन भोकांमधलं अंतर बहुधा १२४ मिमी असतं. प्लेट करून घेत असाल तर फेअरलीड हातात घेऊन, मोजूनच भोकं पाडा.

स्टीलचा दोर स्वस्त, दगडावर घासला तरी टिकतो. पण त्याच्या तुटलेल्या बारीक तारा हातात काट्यासारख्या घुसतात, आणि ताणाखाली तुटला तर चाबकासारखा येतो. सिंथेटिक हलका, हाताला मऊ, तुटला तरी तेवढ्या जोराने उसळत नाही. पण ऊन आणि मातीतली कचकच त्याला खाते. घरातली मुलं शेतावर येत असतील तर सिंथेटिकच घ्या. स्टीलवरून सिंथेटिकवर जाताना जुनी रोलरची फेअरलीड ठेवू नका. स्टीलने तिच्यावर पाडलेले ओरखडे नव्या दोराला कापत राहतात.

दोर ड्रमवर खालच्या बाजूने आला पाहिजे. बहुतेक लहान विंचचा ब्रेक एकाच दिशेने धरतो. दोर वरून गुंडाळला गेला तर उतारावर गाडी धरून ठेवत नाही.

५. कॉन्टॅक्टरची जागा

कॉन्टॅक्टर म्हणजे मोठा रिले. हँडलवरच्या स्विचमधून थोडासा प्रवाह त्याच्या कॉइलला जातो आणि तो आतले जाड पत्रे जोडून बॅटरीचा सगळा प्रवाह मोटारला देतो. स्विच एका बाजूला दाबला की दोर आत, दुसऱ्या बाजूला दाबला की मोटारची धन-ऋण बाजू उलटी होते आणि दोर बाहेर. म्हणून त्याला चार जाड खांब: दोन बॅटरीचे, दोन मोटारचे.

जागा अशी निवडा की तो बॅटरीजवळ असेल, सायलेन्सरपासून लांब असेल आणि चाकाचा चिखल उडणार नाही. आमच्या गाडीत सीटखाली बॅटरीशेजारी जागा निघाली. खांब आडवे किंवा खाली तोंड करून राहतील असा लावा, म्हणजे पाणी साचत नाही. प्रत्येक खांबावर रबरी टोपी चढवा. आमच्या जुन्या जोडणीत चारांपैकी तीन टोप्या पिशवीतच राहिल्या होत्या.

६. जाड तारा

इथे घाई करू नका.

पूर्ण जोर लागतो तेव्हा २५०० पौंडांची विंच १०० अँपिअरच्या वर प्रवाह खेचते. १६ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण १.१ ते १.२ मिलीओहम असतो. जाण्यायेण्याची मिळून तीन मीटर तार धरली तर १०० अँपिअरला सुमारे एक तृतीयांश व्होल्ट वाटेतच जातो. हे चालतं. तीच तार ६ चौरस मिमीची घेतली तर जवळजवळ एक व्होल्ट जातो, म्हणजे शंभर वॅट उष्णता तारेतच तयार होते. आवरण मऊ पडतं आणि फ्रेमला टेकेल तिथे फाटतं. आमच्या गाडीत हेच झालं होतं.

तारा लावायचा क्रम:

बॅटरीच्या धन टर्मिनलपासून ब्रेकर, ब्रेकरपासून कॉन्टॅक्टरचा लाल खांब. बॅटरी आणि ब्रेकर यांच्यामधली तार जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा, कारण तेवढ्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं. ब्रेकर किती अँपिअरचा घ्यायचा ते विंचच्या पुस्तिकेतल्या कमाल प्रवाहावरून ठरवा. घराच्या बोर्डातला एमसीबी लावायचा सल्ला मला दोघांनी दिला. तो एसीसाठी असतो. डीसीची ठिणगी विझवणं त्याला नीट जमत नाही. गाडीसाठीचा, बटण दाबून पुन्हा चालू करता येणाराच घ्या. तो हाताशी येईल असा लावा. का, ते पुढे सांगते.

काळी तार कॉन्टॅक्टरच्या ऋण खांबापासून थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलला न्या. फ्रेमला अर्थिंग देऊन काम भागवू नका. फ्रेमवर रंग असतो, बोल्टखाली गंज येतो, आणि मग शंभर अँपिअरचा प्रवाह इंजिनच्या बारीक अर्थ तारांतून वाट शोधतो.

मोटारच्या दोन तारा उरलेल्या दोन खांबांना. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, आकृती पाहूनच लावा.

आता थिंबल. आवरण थिंबलच्या नळीएवढंच सोला. तारांचा पिळा न मोडता ती नळीत शेवटपर्यंत सरकवा. थिंबलच्या पुढच्या छोट्या भोकातून तांबं दिसलं पाहिजे. हातोडीने ठोकून बसवू नका आणि नुसत्या डाखावर सोडू नका. तापलं की डाख मऊ होतो. टूलने दाबल्यावर थिंबल पायाखाली धरून दोन्ही हातांनी तार जोरात ओढा. मी पाच थिंबलांपैकी एक असं ओढून बाहेर काढलं होतं. वरून तेही बाकीच्यांसारखंच दिसत होतं. कापून पाहिलं तर आत तारा सुट्या होत्या, मध्ये पोकळी होती. नीट दाबलेलं थिंबल कापलं तर आत तारा वेगळ्या दिसत नाहीत, एकसंध तांबं दिसतं. त्यावर हीट श्रिंक चढवा.

थिंबलचं भोक आधी मोजा. एटीव्हीच्या बॅटरीचा बोल्ट बहुधा ६ मिमीचा असतो आणि कॉन्टॅक्टरचा खांब त्याहून वेगळा असू शकतो. सरसकट एकाच भोकाची घेतली तर महाराणी रोडची दुसरी चक्कर पडते.

तारेची वाट काढताना तीन गोष्टींपासून दूर राहा: सायलेन्सर, हँडलचा दांडा, पुढच्या चाकांचे हलणारे आर्म. सगळ्या लांबीवर नालीदार पाइप चढवा, पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट लावा, दर वीतभर अंतरावर टाय. मग हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवा. कोणाला तरी पुढच्या रॅकवर बसवून गाडी दाबायला सांगा. त्या वेळी तारेवर बोट ठेवून पाहा की ती कुठे ताणते, कुठे घासते. माझा पुतण्या रॅकवर उड्या मारत होता आणि मी खाली आडवी पडून टॉर्चने उजेड टाकत होते. दोन जागी टाय हलवावे लागले. जुनी तार फाटली ती अगदी याच ठिकाणी, रेडिएटरच्या मागच्या पट्टीवर.

७. स्विच आणि चावीची तार

स्विच डाव्या हाताच्या मुठीजवळ लावा. ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबून पाहा, तो स्विचला अडता कामा नये.

कॉन्टॅक्टरकडून येणाऱ्या बारीक तारा स्विचला जोडायच्या, आणि स्विचला लागणारी एक धन तार अशा ठिकाणाहून घ्यायची जिथे चावी फिरवल्यावरच वीज येते. ही तार थेट बॅटरीला जोडणारे बरेच आहेत, कारण ते सोपं आहे. मग चावी काढलेली असतानाही कोणी स्विच दाबला की विंच चालते. शेतावर उभ्या गाडीवर मुलं चढून बसतात, हे लक्षात घ्या.

अशी तार शोधायची तर मागचा दिवा किंवा १२ व्होल्टचं सॉकेट बघा. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या ऋणाला, लाल टोक त्या तारेला: चावी चालू असताना १२ च्या आसपास, बंद केल्यावर शून्य. दोन्ही वेळा तपासा. इंजिनच्या सेन्सरच्या किंवा इंजेक्शनच्या तारांना हात लावू नका. जोड घेतला की लगेच ५ अँपिअरचा फ्यूज.

८. बॅटरी जोडून पहिली तपासणी

आधी लाल, मग काळी जोडा. सगळ्या खांबांवर पेट्रोलियम जेलीचा हलका हात द्या, पण कसून झाल्यावर. विंचचा क्लच मोकळा करा, चावी लावा, स्विच क्षणभर दाबा.

- कॉन्टॅक्टरचा 'टक' आवाज आला नाही: दोष बारीक तारांत. फ्यूज, चावीची तार, तिथली अर्थिंगची तार पाहा.
- 'टक' आला पण मोटार फिरली नाही: दोष जाड तारांत किंवा ब्रेकर पडलेला आहे.
- दिशा उलटी: मोटारच्या दोन तारांची अदलाबदल करा. बॅटरीच्या तारांना हात लावू नका.

हे जमलं की दोर झाडाला पट्ट्याने बांधून थोडा ताण द्या आणि मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर, दुसरं कॉन्टॅक्टरच्या लाल खांबावर ठेवा. मदतनीस स्विच दाबेल तेव्हा आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला तर तिथलं एखादं थिंबल किंवा नट ढिला आहे. ऋण बाजूलाही असंच. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि ढिला जोड चिखलात सापडण्यापेक्षा अंगणात सापडलेला कधीही बरा.

कॉन्टॅक्टरचे आतले पत्रे कधी कधी ठिणगीने चिकटतात. मग स्विच सोडला तरी विंच ओढतच राहते, आणि ताणाखाली क्लचही सुटत नाही. तेव्हा ब्रेकरचं बटण हाच उपाय. तो हाताशी हवा म्हटलं ते यासाठी. गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला तो दाबून दाखवा.

९. दोर ताणून गुंडाळणं

नवा दोर कंपनीतून ढिला गुंडाळून येतो. तसाच वापरला तर ओढीच्या वेळी वरचा थर खालच्या थरात रुतून अडकतो. थोड्या चढाच्या कोरड्या जागी गाडी न्या, दोर जवळजवळ पूर्ण सोडा, पण ड्रमवर स्टीलचे निदान पाच आणि सिंथेटिकचे आठ-दहा वेढे राहू द्या. नुसत्या टोकाच्या स्क्रूवर दोर टिकत नाही. टोक झाडाला पट्ट्याने बांधा आणि गाडीलाच हळूहळू वर ओढू द्या, हाताचा ब्रेक किंचित लावून. वेढे शेजारी शेजारी बसतात का ते पाहत, थांबत थांबत. जाड चामड्याचे हातमोजे घाला आणि दोर हाताने वळवायचा असेल तर आधी विंच थांबवा. हूक फेअरलीडजवळ आणताना शेवटचे दीड-दोन मीटर स्विचला टिचक्या देत आणा. हुकाला कापडी पट्टी असते, तिला धरा, हुकात बोट घालू नका.

१०. चिखलात पहिल्यांदा

इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. गाडीचं चार्जिंग विंचच्या खर्चाच्या मानाने फारच कमी असतं, त्यामुळे ओढ बॅटरीवरच पडते. थोडं ओढा, थांबा, इंजिन जरा वाढवून चार्ज होऊ द्या. मोटारवर तळहात ठेववत नसेल तर ती गार होईपर्यंत पुढे जाऊ नका.

झाडाला दोर थेट गुंडाळू नका. साल सोलली जाते, झाड मरतं, आणि दोर स्वतःवरच हूक केला तर तिथेच तुटतो. रुंद पट्टा बुंध्याच्या तळाशी घाला, दोन्ही टोकं शॅकलमध्ये (खिळीने बंद होणारी लोखंडी कडी) घ्या. आमच्याकडे नाल्याकाठी सागवान बारीक आहे, म्हणून मी पलीकडच्या जुन्या बाभळीला पट्टा लावते. ताण देण्याआधी दोराच्या मध्यावर जुनी गोधडी किंवा ओलं पोतं टाका; दोर तुटला तर ते त्याला खाली पाडतं. दोराच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, दोर ओलांडायचा नाही. नाना वयाने मोठे, पण या एका बाबतीत मी त्यांनाही "नाना, बाजूला व्हा" असं मोठ्याने सांगते.

गाडी हलतच नसेल तर पुली वापरा: दोर झाडाजवळच्या पुलीतून फिरवून परत गाडीच्या हुकाला. ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा, बॅटरीवरचा ताण कमी. काळ्या मातीत मी आता सरळ पुलीनेच सुरुवात करते. त्याआधी फावड्याने चारही चाकांपुढची माती बाजूला करते, पोटाखालचीसुद्धा. दहा मिनिटं जातात, पण विंचचं अर्धं काम होतं.

११. पावसाळ्यात आणि नंतर

चिखल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका, सीलमधून पाणी आत जातं. नळाच्या साध्या धारेने दोर भिजवा, सोडा, पुसा, वाळल्यावर परत ताणून गुंडाळा. पंधरा दिवसांतून एकदा दोर थोडा सोडून आत घेतला की मोटारमधली दमट हवा निघते. पहिल्या दोन-तीन ओढींनंतर सगळे बोल्ट आणि खांबांचे नट पुन्हा तपासा. नवे जोड बसतात आणि किंचित ढिले होतात.

सोयाबीन निघाली, वाटा वाळल्या की मी पाइपच्या दोन्ही टोकांचे टाय कापून तारेचं आवरण हाताने चाचपते, रेडिएटरच्या मागच्या पट्टीपाशी आधी, आणि नवे टाय लावते. बॅटरी रात्रभर ठेवून सकाळी मोजते, १२.६ व्होल्टच्या आसपास असली तर तिला पुढच्या जूनपर्यंत महिन्यातून एकदा चार्जर लावला की पुरतं.